‘वायुग्रह’ ही संज्ञा आणि गुरूचे भौतिक स्वरूप

१. प्रश्नाचे स्वरूप

शास्त्रीय परिभाषा घडविताना एक अडचण नेहमी येते. संज्ञा नवी असली तरी तिचे घटक जुने असतात आणि ते आपले जुने अर्थ बरोबर घेऊन येतात. गुरू व शनी या ग्रहांसाठी मराठीत रूढ झालेली ‘वायुग्रह’ ही संज्ञा याचे चांगले उदाहरण होय. ‘वायू’ म्हटले की मराठी वाचकाच्या मनात विरळ, हलके, वाहते असे काही उभे राहते. ‘ग्रह’ म्हटले की पृथ्वीसारखा, पाय ठेवता येईल असा गोल उभा राहतो. या दोन कल्पनांच्या बेरजेतून हवेने भरलेल्या फुग्यासारखे एक चित्र तयार होते. हे चित्र जवळजवळ सर्व बाजूंनी चुकीचे आहे.

प्रस्तुत लेखात गुरू व त्याचे चंद्र यांचे भौतिक स्वरूप थोडक्यात मांडून, त्या स्वरूपाला मराठी संज्ञा कितपत पुरतात याचा विचार केला आहे. उदाहरणांसाठी रायगड जिल्ह्यातील पेण व रोहे या तालुक्यांचा टापू मुद्दाम घेतला आहे. त्याची कारणे दोन. एक, मध्ययुगीन भारतातील ग्रहगणिताचा एक अत्यंत मान्य ग्रंथ या टापूच्या शेजारी रचला गेला. दोन, खाडी, भरती, मिठागर, कातळ व वादळ यांच्याशी तेथील माणसाचा रोजचा संबंध आहे आणि त्यांसाठी तेथील मराठीत नेमके शब्दही आहेत. गुरूच्या परिवारात घडणाऱ्या क्रिया याच जातीच्या असल्यामुळे ते शब्द कोठवर चालतात आणि कोठे थांबतात हे पाहणे उद्‍बोधक ठरते.

२. नांदगावचे गणित

रोह्याच्या पश्चिमेस डोंगर ओलांडला की मुरूड तालुका लागतो. तेथील समुद्रकाठचे नांदगाव हेच केशव दैवज्ञ व त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांचे नंदिग्राम, असा निर्णय शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथात दिला आहे. केशवांचा ‘ग्रहकौतुक’ शके १४१८ चा, म्हणजे १४९६ सालचा. गणेशांचा ‘ग्रहलाघव’ शके १४४२ चा, म्हणजे १५२० सालचा. पुढे कित्येक शतके पंचांगकर्ते ‘ग्रहलाघवा’वर विसंबून राहिले.

या ग्रंथाच्या लोकप्रियतेचे कारण त्याच्या नावातच आहे. लाघव म्हणजे हलकेपणा, सुटसुटीतपणा. ज्या व कोटिज्या यांची कोष्टके न वापरता गणेशांनी ग्रहांची स्थाने काढण्याच्या रीती दिल्या. युगारंभापासून दिवस मोजण्याऐवजी ४०१६ दिवसांचे, म्हणजे सुमारे अकरा वर्षांचे, एक चक्र कल्पून मोठमोठे आकडे टाळले. शिवाय त्यांनी एकाच सिद्धान्ताला चिकटून राहण्याचे नाकारले. सूर्य त्यांनी सौर पक्षाप्रमाणे घेतला. चंद्र त्याच पक्षाचा, पण नऊ कला कमी करून. गुरू, मंगळ व राहू आर्य पक्षाचे. शनी आर्य पक्षाचाच, परंतु पाच अंश मिळवून. शुक्राच्या केंद्रासाठी ब्राह्म व आर्य या पक्षांची सरासरी. आकाशात दिसणारे स्थान व गणिताने येणारे स्थान यांचा मेळ बसला पाहिजे, ही या निवडीमागची भूमिका होय.

या गणितात गुरू म्हणजे काय? दररोज सुमारे पाच कला सरकणारा, एका राशीत सुमारे वर्षभर राहणारा आणि बारा वर्षांस थोडी कमी इतक्या काळात राशिचक्र पुरे करणारा एक बिंदू. नाशिकचा सिंहस्थ व नरसोबाच्या वाडीचा कन्यागत ही पर्वे याच गतीवर ठरतात. या बिंदूला आकार, वजन किंवा द्रव्य असण्याची गणिताला गरज नव्हती. गुरू, मंगळ आणि राहू एकाच पक्षातून घेतले जातात, ही गोष्ट या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी आहे. राहू हा चंद्रकक्षा व क्रांतिवृत्त यांच्या छेदाचा बिंदू. त्याला शरीरच नाही. तरीही तो ‘ग्रह’. तेव्हा ‘ग्रह’ या शब्दाचा मूळ विषय गती हा होता, वस्तू हा नव्हता. हा शब्द पुढे वस्तूला लावला गेला आणि अर्थाचे स्थलांतर तेथून सुरू झाले.

३. बिंदूपासून वस्तूपर्यंत

हे स्थलांतर १६१० च्या जानेवारीत गॅलिलिओच्या दुर्बिणीने घडविले. गुरूच्या दोन्ही बाजूंस त्याला चार लहान ठिपके दिसले व रोज रात्री त्यांच्या जागा बदलताना आढळल्या. हे ठिपके गुरूभोवती फिरत होते. आयो, युरोपा, गॅनिमीड व कॅलिस्टो हे ते चार चंद्र. त्यांचे प्रदक्षिणाकाल अनुक्रमे १.७७, ३.५५, ७.१५ व १६.६९ दिवस आहेत. आज गुरूच्या ज्ञात चंद्रांची संख्या शंभराच्या घरात गेली असली तरी बाकीचे सर्व या चौघांपुढे अगदी क्षुद्र आहेत.

चंद्र सापडल्याने गुरूला वजन मिळाले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. एखाद्या वस्तूभोवती दुसरी वस्तू किती अंतरावरून किती काळात फिरते हे कळले, की मध्यस्थ वस्तूचे वस्तुमान काढता येते. न्यूटनने १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त हे गणित करून दाखविले. आजच्या मापांनुसार गुरूचे वस्तुमान पृथ्वीच्या ३१८ पट आहे. आकारमान मात्र १,३०० पटींहून अधिक. यावरून त्याची सरासरी घनता पाण्याच्या १.३३ पट येते. पृथ्वीची घनता ५.५ आहे. खडक व लोखंड यांचा एवढा मोठा गोल इतका कमी घन असणे शक्य नाही. म्हणून गुरू मुख्यतः हायड्रोजन व हेलियम या सर्वांत हलक्या मूलद्रव्यांचा असला पाहिजे, हा निष्कर्ष निघतो. संस्कृतात ‘गुरू’ म्हणजे जड. एकंदर वजनाच्या दृष्टीने हे नाव सार्थ आहे, द्रव्याच्या दृष्टीने नाही.

येथे ‘उपग्रह’ या संज्ञेचाही विचार केला पाहिजे. फलज्योतिषात ‘उपग्रह’ ही संज्ञा गुलिक, धूम इत्यादी गणिताने काढलेल्या, अशरीर बिंदूंना पूर्वीपासून लावली जात होती. आधुनिक मराठीने तीच संज्ञा ग्रहाभोवती फिरणाऱ्या वस्तूला दिली आणि पुढे माणसाने सोडलेल्या यंत्रालाही दिली. ‘चंद्र’ हे तर एका वस्तूचे विशेषनाम. त्याचे सामान्यनाम होऊन अनेकवचन झाले. दोन्ही शब्द आज निर्वेध चालतात. शब्दाचा अर्थ बदलणे हा दोष नसून बदल लक्षात न येणे हा दोष होय.

४. तळ नसलेला ग्रह

दुर्बिणीतून गुरूचे जे रूप दिसते ते ढगांचे आहे. सर्वांत वरचा थर गोठलेल्या अमोनियाच्या कणांचा; त्याखाली अमोनिया व गंधक यांच्या संयुगाचे आणि त्याहून खाली पाण्याचे ढग असावेत. ज्या पातळीवर दाब पृथ्वीवरील समुद्रसपाटीच्या दाबाएवढा असतो तेथे तापमान शून्याखाली सुमारे १०८ अंश सेल्सिअस असते. गुरूची विषुववृत्तीय त्रिज्या ७१,४९२ किलोमीटर सांगितली जाते ती याच पातळीपर्यंतची. ही पातळी निव्वळ संकेत आहे. तेथे कोणताही पदार्थ संपत नाही आणि कोणताही सुरू होत नाही.

७ डिसेंबर १९९५ रोजी ‘गॅलिलिओ’ यानाने सोडलेली कुपी या वातावरणात शिरली. हवाई छत्रीच्या आधाराने खाली उतरत तिने सुमारे ५८ मिनिटे माहिती पाठविली. सुमारे १५० किलोमीटर उतरल्यावर ती निकामी झाली तेव्हा दाब पृथ्वीच्या सुमारे २२ पट व तापमान १५० अंशांच्या वर होते. गुरूच्या त्रिज्येचा चारशेवा हिस्साही धड पुरा झाला नव्हता आणि तळ म्हणून काही लागले नव्हते.

तळ का लागत नाही, हे समजण्यासाठी वायू व द्रव यांतील भेद पाहिला पाहिजे. पेणच्या मिठागरात पाणी आणि त्यावरील हवा यांच्यामध्ये एक स्पष्ट सीमा असते. ऊन लागून पाण्याची वाफ होते ती सीमा ओलांडूनच होते. परंतु प्रत्येक पदार्थाचे एक क्रांतिक तापमान असते. त्याहून अधिक तापमानात कितीही दाब दिला तरी वायूचा द्रव होताना सीमारेषा उमटत नाही. पदार्थ केवळ अधिकाधिक दाट होत जातो. हायड्रोजनचे क्रांतिक तापमान शून्याखाली सुमारे २४० अंश आहे. गुरूचे ढगही त्याहून पुष्कळ उष्ण आहेत आणि खाली जावे तसे तापमान वाढतच जाते. म्हणून तेथे हायड्रोजन वरच्या थरात वायूसारखा, खाली द्रवासारखा वागतो. परंतु समुद्राच्या पृष्ठासारखे पृष्ठ कोठेही नाही. त्यामुळे ‘गुरूच्या पृष्ठभागावर’ हा शब्दप्रयोग, तो पाठ्यपुस्तकात कितीही आढळला तरी, अर्थशून्य आहे.

आणखी खाली, दाब पृथ्वीच्या दाबाच्या दहा ते वीस लक्ष पट झाला म्हणजे, हायड्रोजनच्या अणूंना आपले इलेक्ट्रॉन धरून ठेवता येत नाहीत. ते मोकळे होतात व हायड्रोजन धातूप्रमाणे विद्युत्‌वाहक बनतो. असे घडावे हे विग्नर व हंटिंग्टन यांनी १९३५ मध्ये गणिताने दाखविले होते. गुरूच्या वस्तुमानाचा फार मोठा भाग या धातुरूप, द्रव हायड्रोजनचा आहे. केंद्रापाशी जड मूलद्रव्यांचा घट्ट गोळा असावा अशी पूर्वी समजूत होती. जुलै २०१६ पासून गुरूभोवती फिरलेल्या ‘जूनो’ यानाच्या गुरुत्वमापनांवरून हा गाभा स्पष्ट कडेचा नसून आजूबाजूच्या हायड्रोजनमध्ये दूरवर विरघळलेला असावा असे दिसते. तात्पर्य, वरच्या बाजूस तळ नाही आणि आतही काटेकोर सीमा नाहीत.

या संदर्भात दौलतसिंह कोठारी यांच्या संशोधनाचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. दाबामुळे अणूंचे आयनीभवन कसे होते याचा सिद्धान्त त्यांनी १९३०-४० या दशकात मांडला आणि त्यावरून थंड वस्तूच्या आकाराला मर्यादा असल्याचे दाखविले. ही मर्यादा जवळजवळ गुरूएवढीच निघते. गुरूवर आणखी द्रव्य ओतीत गेल्यास तो प्रमाणात फुगणार नाही; दाब वाढून तो अधिक दाट होईल आणि पुढे तर आकुंचन पावू लागेल. फुग्याच्या उलट हे वर्तन आहे.

५. पट्टे, डाग आणि वादळ

गुरू स्वतःभोवती ९ तास ५५ मिनिटांत फिरतो. एवढ्या प्रचंड गोलाने इतक्या वेगाने फिरल्यामुळे तो ध्रुवांशी चपटा झाला आहे. ध्रुवीय त्रिज्या विषुववृत्तीय त्रिज्येहून ४,६०० किलोमीटरहून अधिक कमी भरते. त्याच वेगामुळे ढगांचे विषुववृत्ताला समांतर असे फिकट व गडद पट्टे पडले आहेत आणि त्यांच्या कडांनी परस्परविरुद्ध दिशांचे वारे वाहतात. हे वारे वरवरचे नसून सुमारे ३,००० किलोमीटर खोलवर पोचतात, असे ‘जूनो’च्या मापनांवरून २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले.

दक्षिण गोलार्धातील सुप्रसिद्ध तांबडा डाग हा या वातावरणातील एक भोवरा होय. ‘डाग’ हा शब्द येथे निव्वळ दिसण्यावरून पडला आहे. निदान १९ व्या शतकापासून हा भोवरा सलग पाहिला जात आहे. त्या काळी त्याची लांबी सुमारे ४०,००० किलोमीटर होती. आज ती सुमारे १६,००० किलोमीटर उरली आहे. तरीही पृथ्वी त्यात सामावेल.

पृथ्वीवरील वादळ इतके टिकत नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ हे चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. रोहे-पेणकडील घरांची कौले-पत्रे उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले. आणि जमिनीवर आत शिरताच दुसऱ्या दिवसापर्यंत ते क्षीण झाले. वादळाचे इंधन म्हणजे उबदार समुद्रावरून उठणारी वाफ. जमीन लागली की ते इंधन तुटते व डोंगर, झाडे, घरे यांच्याशी घर्षण होऊन वेग खर्ची पडतो. जमिनीवरील नाश म्हणजेच वादळाची झीज, असे म्हणता येईल. गुरूवर किनारा नाही. तेथील भोवऱ्याला धडकायला काही नाही; उलट लहान भोवरे गिळून तो आपली झीज काही अंशी भरून काढतो. तथापि एक भेद विसरू नये. निसर्ग वादळाच्या मध्यभागी हवेचा दाब कमी होता. तांबड्या डागात तो भोवतालापेक्षा अधिक असतो. म्हणून शास्त्रीय लेखनात त्याला ‘चक्रीवादळ’ न म्हणता ‘प्रतिचक्रवात’ म्हणणे योग्य.

या सर्व हालचालींना ऊर्जा कोठून मिळते? सूर्यप्रकाश तेथे पृथ्वीवरच्या सत्ताविसाव्या हिश्श्याएवढाच पोचतो. परंतु गुरू जेवढी सौर उष्णता शोषतो त्याच्या सुमारे दुप्पट उष्णता बाहेर टाकतो. ही जादा उष्णता त्याच्या जन्मकाळची आहे. द्रव्य आत कोसळताना जी उष्णता निर्माण झाली ती साडेचार अब्ज वर्षांनंतरही पाझरत आहे आणि ग्रह अतिशय मंद गतीने आकसत आहे.

६. अलिबागची वेधशाळा आणि गुरूचे चुंबकत्व

पेणच्या पश्चिमेस अलिबाग येथे १९०४ पासून एक चुंबकीय वेधशाळा आहे. तत्पूर्वी हे काम मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चाले. परंतु मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरल्यावर त्यांच्या प्रवाहामुळे सूक्ष्म नोंदी बिघडतील हे ओळखून नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली नवी वेधशाळा अलिबागेस उभारण्यात आली. तिच्या इमारतींत लोखंड टाळण्यात आले. पृथ्वीच्या पोटातील वितळलेल्या लोखंडाच्या प्रवाहांनी निर्माण होणारे चुंबकक्षेत्र, तसेच सूर्याकडून येणाऱ्या कणांमुळे त्यात होणारे फेरफार, तेथे अखंड नोंदले जात आहेत.

गुरूच्या पोटात लोखंडाचे काम धातुरूप हायड्रोजन करतो. वेगवान परिवलन, विद्युत्‌वाहक द्रव आणि आतून येणारी उष्णता या तीन गोष्टी एकत्र आल्याने त्याचे चुंबकीय सामर्थ्य पृथ्वीच्या सुमारे २०,००० पट झाले आहे. १९५५ मध्ये बर्क व फ्रँकलिन यांना गुरूकडून येणाऱ्या रेडिओलहरींचा अनपेक्षितपणे शोध लागला, तेव्हा या क्षेत्राची पहिली चाहूल लागली. ज्याला ‘वायूचा गोल’ म्हणावे त्याच्या अंतरंगात सौरमालेतील ग्रहांमधले सर्वांत बलवान चुंबक असावे, हे संज्ञेच्या बळावर कोणालाही सुचले नसते.

७. आयो : खडकातील भरती

आता चंद्रांकडे वळावयाचे. पेणच्या खारेपाटात भरतीचे दोन प्रकार प्रत्येकास ठाऊक असतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य व चंद्र यांची ओढ एका रेषेत येऊन ‘उधाण’ येते; अष्टमीच्या सुमारास ती परस्परांस काटते, तेव्हा ‘भांग’ असते. उधाणाच्या पाण्याने बांधाला खांड पडली की धरमतरच्या खाडीचे खारे पाणी भातशेतीत शिरते. कुंडलिकेच्या खाडीतूनही भरतीचे पाणी असेच रोह्याच्या दिशेने आत चढते. हे पाणी तळाशी व काठाशी घासते आणि त्यात ऊर्जा खर्च होते. तिचा हिशेब पृथ्वीच्या परिवलनातून चुकता होतो. दिवस अतिमंदपणे लांबत आहे आणि चंद्र दर वर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर जात आहे.

भरती पाण्यालाच येते असे मात्र नाही; खडकालाही येते, पण पृथ्वीवर ती जाणवण्याइतकी नसते. आयोवर ती जाणवते. आयो आपल्या चंद्राहून किंचित मोठा, व चंद्र पृथ्वीपासून जितका दूर जवळजवळ तितकाच, म्हणजे सुमारे ४,२२,००० किलोमीटर, गुरूच्या केंद्रापासून दूर आहे. फरक एवढाच की ओढणारी वस्तू ३१८ पट जड आहे. आयोची एकच बाजू सतत गुरूकडे असते. त्याची कक्षा पूर्ण वर्तुळ असती तर ओढीने आलेला फुगवटा कायम एका जागी राहिला असता आणि काहीच घडले नसते. परंतु गॅनिमीडची एक प्रदक्षिणा होते तोवर युरोपाच्या दोन व आयोच्या चार होतात. हे चंद्र ठरावीक वेळी ठरावीक जागी एकमेकांस हिसका देत राहतात, म्हणून आयोची कक्षा थोडी लांबट राहते. परिणामी दर साडेबेचाळीस तासांत आयो गुरूच्या एकदा जवळ येतो व एकदा दूर जातो. त्याच्या खडकाळ कवचाचा फुगवटा शंभर मीटरपर्यंत चढतो-उतरतो असा हिशेब आहे. तार पुनःपुन्हा वाकविली की तापते, तसा आयो आतून तापतो.

पील, कॅसन व रेनॉल्ड्स यांनी मार्च १९७९ च्या आरंभी हे गणित प्रसिद्ध करून आयोवर ज्वालामुखी असावेत असे भाकीत केले. त्याच आठवड्यात ‘व्हॉयेजर १’ गुरूजवळून गेले आणि लिंडा मोराबिटो यांना ८ मार्चच्या छायाचित्रात आयोच्या कडेवर उसळलेला ज्वालामुखीचा फवारा दिसला. आज तेथे शेकडो जागृत ज्वालामुखी ज्ञात आहेत.

रोहे-पेणचे डोंगर ज्या काळ्या कातळाचे आहेत तोही सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी ओतलेला लाव्हाच होय. द्रव्य एका जातीचे, पण उष्णतेचे मूळ निराळे. पृथ्वीच्या पोटातील उष्णता जन्मकाळची व किरणोत्सर्गाची. आयोची मात्र भरतीची. ‘ज्वालामुखी’ हा शब्द दोन्हीकडे चालतो, कारण तो दिसणाऱ्या क्रियेचे वर्णन करतो आणि कारणाविषयी काहीच सांगत नाही. संज्ञेचा असा मितभाषीपणा कित्येकदा हितकारक ठरतो.

८. युरोपा : बर्फाखालचे मीठ

युरोपावर खडक दिसत नाही. सर्वत्र भेगाळलेले बर्फ आहे. विषुववृत्तावरही तापमान शून्याखाली सुमारे १६० अंश असल्याने हे बर्फ दगडासारखे कठीण आहे. पेय थंड करणारे, हातात वितळणारे बर्फ मनात ठेवून हे वर्णन वाचले तर फसगत होते.

या बर्फाखाली पाणी आहे हे कसे कळले? गुरूचा चुंबकीय अक्ष त्याच्या परिवलनाच्या अक्षाशी सुमारे दहा अंशांनी कललेला आहे. त्यामुळे युरोपाच्या जागी चुंबकक्षेत्र सुमारे अकरा तासांच्या अंतराने आलटत-पालटत राहते. बदलत्या क्षेत्रात विद्युत्‌वाहक पदार्थ असला की त्यात प्रवाह उत्पन्न होतो आणि त्या प्रवाहाचे स्वतःचे क्षेत्र तयार होते. ‘गॅलिलिओ’ यानाच्या चुंबकमापकाने असे क्षेत्र टिपले. बर्फ हा वाहक नव्हे. शुद्ध पाणीही फारसे नव्हे. खारे पाणी मात्र वाहक आहे. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते ‘पिकवून’ वेगळे करण्यावर पेणच्या मिठागरांचा धंदा चालत आला. तेच मीठ पाण्यात असते तेव्हा विजेला वाट देते. म्हणजे युरोपाचा समुद्र कोणी पाहिला नाही. त्याच्या खारेपणाने तो ओळखू आला. त्यात पृथ्वीवरील सर्व समुद्रांच्या सुमारे दुप्पट पाणी असावे असा अंदाज आहे. तो गोठून जात नाही याचे श्रेय पुन्हा भरतीच्या उष्णतेला आहे.

गॅनिमीडचा व्यास ५,२६८ किलोमीटर, म्हणजे बुध ग्रहाहून अधिक. त्याचे स्वतःचे चुंबकक्षेत्र १९९६ मध्ये आढळले. असे क्षेत्र असलेला तो एकमेव ज्ञात चंद्र होय. कॅलिस्टो या तिघांच्या लयीत सापडलेला नसल्यामुळे भरतीची उष्णता त्याला मिळाली नाही, आणि त्याच्या अंगावरील प्राचीन विवरांचे व्रण तसेच राहिले. युरोपीय अवकाशसंस्थेचे ‘ज्यूस’ यान एप्रिल २०२३ मध्ये व अमेरिकेचे ‘युरोपा क्लिपर’ ऑक्टोबर २०२४ मध्ये निघाले. ती अनुक्रमे २०३१ व २०३० मध्ये गुरूपाशी पोचावयाची आहेत. सूर्यप्रकाश न पोचणाऱ्या या समुद्रात जीवनाला अनुकूल परिस्थिती आहे काय, हा त्यांच्यापुढील मुख्य प्रश्न होय.

९. संज्ञेचा निर्णय

आता ‘वायुग्रह’ या संज्ञेकडे परत येता येईल. इंग्रजीतील ‘गॅस जायंट’ हा शब्द जेम्स ब्लिश या विज्ञानकथालेखकाने १९५२ मध्ये प्रथम योजिला असे मानले जाते. शास्त्रज्ञांनी तो उचलला आणि त्याला स्वतःचा काटेकोर अर्थ दिला. ग्रहविज्ञानात ‘गॅस’, ‘आइस’ व ‘रॉक’ ही पदार्थांच्या अवस्थांची नावे राहिलेली नाहीत. ती पदार्थांच्या वर्गांची नावे झाली आहेत. हायड्रोजन व हेलियम म्हणजे ‘गॅस’, मग ते द्रव असोत की धातुरूप. पाणी, अमोनिया व मिथेन म्हणजे ‘आइस’, मग ते हजारो अंश तापलेले का असेनात. यास्तव युरेनस व नेपच्यून यांना ‘हिमग्रह’ म्हणतात, जरी त्यांच्या अंतरंगात हिम म्हणण्याजोगे काही नाही.

मराठीने येथे शब्दाचे भाषांतर केले, पण या अर्थांतराची नोंद केली नाही. त्यातही ‘वायू’ या शब्दाला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. न्याय-वैशेषिकांच्या मते वायू म्हणजे रूप नसलेले, पण स्पर्शाने जाणवणारे द्रव्य. गुरूची स्थिती नेमकी उलटी आहे. त्याचे रूप जगाने पाहिले. स्पर्श मात्र एका कुपीला तासाभरापुरता झाला.

मग ही संज्ञा टाकावी काय? तसे करण्याचे कारण दिसत नाही. ज्या कोठारींनी गुरूच्या आकाराची मर्यादा गणिताने दाखविली तेच १९६१ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोगाचे पहिले अध्यक्ष होते, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे. ज्याला वस्तू कळते त्यालाच संज्ञेच्या मर्यादाही कळतात, आणि संज्ञा निर्दोष होण्याची वाट पाहत बसल्यास अध्यापन थांबते हेही त्याला ठाऊक असते. महाराष्ट्रात १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले. त्याच्या परिभाषा कोशांनी शब्दांचा प्रश्न पुष्कळ सोडविला आहे. परंतु कोशातील पर्याय हा परिभाषेचा आरंभ असतो. व्याख्येवाचून तो अपुरा राहतो.

‘वायुग्रह’ या संज्ञेच्या व्याख्येत तीन गोष्टी स्पष्टपणे यावयास हव्यात. पहिली, येथे ‘वायू’ हे हायड्रोजन व हेलियम या द्रव्यांचे वर्गनाम आहे, अवस्थेचे नव्हे. दुसरी, अशा ग्रहाला पृष्ठभाग नसतो. मापनासाठी ठरविलेली ‘संदर्भपातळी’ असते, आणि लेखनात हाच शब्द योजावा. तिसरी, त्याच्या वस्तुमानाचा मोठा भाग द्रव व धातुरूप असतो. एवढे सांगितले म्हणजे संज्ञा तीच राहूनही फुग्याचे चित्र पुसले जाईल. उलट उधाण, भांग, खांड, मिठागर, कातळ हे शब्द ज्यांच्या रोजच्या बोलण्यात आहेत त्यांना आयोची उष्णता व युरोपाचा समुद्र समजावून देण्यास कोणत्याही आयात शब्दाची गरज नाही. मात्र भरती पाण्याला येते तशी खडकालाही येते, हे त्यांना एकदा सांगावे लागेल.

नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी जुने पक्ष टाकून दिले नाहीत. ज्याचा मेळ आकाशाशी बसला तो तसाच घेतला, ज्याचा बसला नाही त्यात नऊ कला उणे केल्या किंवा पाच अंश मिळविले. ग्रहांच्या स्थानांना त्यांनी लावलेली ही रीत ग्रहांच्या संज्ञांनाही लावता येते. वस्तूचे नवे वेध आले की शब्दाच्या अर्थाला संस्कार द्यावा आणि तो संस्कार किती दिला हे व्याख्येत लिहून ठेवावे. मराठीतून विज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्याला शब्दांची संख्या वाढवून देण्यापेक्षा या नोंदीचा उपयोग अधिक होईल.